करार दिवाळीत तोडला, कंपनी पौषात नादारीत गेली: आता काय करायचं?

"भाऊ, मी तं करार दिवाळीतच तोडला. आता थे कंपनी बुडाली तं मले काय त्याचं?"

हिंगणघाटच्या बाजूला गोदामं भाड्यानं देणारे, जिनिंगची सरकी वाहणारे ट्रकवाले, तेलाच्या प्लांटला सोयाबीन पुरवणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक, सगळे मला हाच प्रश्न विचारतात. मी वकील नाही. तालुक्याच्या ठिकाणी व्यापाऱ्यांचे हिशेब आणि रिटर्न भरतो, त्यामुळे असं काही झालं की पहिलं पाकीट माझ्याच टेबलावर येतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: करार मेला असेल तर कंपनी नादारीत गेली म्हणून तो पुन्हा उठून बसत नाही. पण त्या करारापायी अडकलेले पैसे, कुलूप, माल आणि कोर्टातला दावा हे सगळं त्या दिवसापासून दुसऱ्याच कायद्याखाली जातं. तो कायदा म्हणजे २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता. खालच्या क्रमानं गेलात तर गोंधळ कमी होईल.

१. समोरचा खरोखर कंपनी आहे का, हे आधी बघा

फाटकावर "अमुक इंडस्ट्रीज" लिहिलंय म्हणजे ती कंपनी असेलच असं नाही. बिलावर "प्रायव्हेट लिमिटेड", "लिमिटेड" किंवा "एलएलपी" हे शब्द शोधा. कंपनी असेल तर २१ अक्षरांचा सीआयएन क्रमांकही सापडेल. तो कंपनी मंत्रालयाच्या साइटवर टाकला की कंपनीची स्थिती दिसते, आणि प्रकरण सुरू असेल तर तिथे "अंडर सीआयआरपी" (म्हणजे नादारीची प्रक्रिया चालू) असं लिहून येतं.

सहकारी जिनिंग किंवा सहकारी सूतगिरणी असेल तर हा लेख इथेच मिटवा. तिथे १९६० चा सहकार कायदा चालतो आणि अवसायक, म्हणजे संस्था गुंडाळणारा अधिकारी, बसतो. भागीदारीतली फर्म किंवा एकट्या मालकाची पेढी असेल तर तुमचा रस्ता नेहमीच्या दिवाणी कोर्टाचा. आणि एक उलटी गंमत लक्षात ठेवा: आपली शेतकरी उत्पादक कंपनी ही मात्र कंपनीच आहे. म्हणजे हा कायदा फक्त त्यांच्यावर नाही, उद्या आपल्यावरही चालू शकतो.

२. दोन तारखा एका कागदावर लिहा

वहीचं कोरं पान घ्या. डावीकडे लिहा, करार कधी संपला. उजवीकडे लिहा, एनसीएलटीनं, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणानं, कंपनीच्या नादारीचा अर्ज दाखल करून घेण्याचा आदेश कधी दिला.

उजवी तारीख आधी घेतो, कारण तिथे नवे लोक हमखास चुकतात. कोणीतरी अर्ज "दाखल केला" ती तारीख नव्हे. एनसीएलटीनं तो "दाखल करून घेतला" ती तारीख. या दोन्हींत कित्येक महिने जाऊ शकतात, आणि त्या महिन्यांत संपवलेला करार हा आधीच संपवलेला करारच असतो. बँकेनं अर्ज केल्याची कुणकुण लागली म्हणून घाबरून जाऊ नका.

हा आदेश शोधायला नागपूरला जाऊ नका. नागपूरला खंडपीठ आहे ते हायकोर्टाचं. कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय महाराष्ट्रात असेल तर प्रकरण एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठापुढे चालतं. कार्यालय दुसऱ्या राज्यात असेल तर तिकडच्या. आदेशानंतर जो अंतरिम आरपी, म्हणजे कंपनीचा कारभार हाती घेणारा नादारी व्यावसायिक, नेमला जातो, त्यानं ३ दिवसांत जाहीर सूचना काढायची असते. ती एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेच्या वर्तमानपत्रात येते, पण मुख्यतः कंपनीचं कार्यालय असेल त्या भागातल्या. प्लांट आपल्या तालुक्यात आणि कार्यालय मुंबईत असेल, तर आपल्या गावच्या पेपरात ती दिसेलच याची खात्री नाही. म्हणून आयबीबीआय, म्हणजे या कायद्याचं नियामक मंडळ, त्याच्या साइटवर कंपनीचं नाव टाकून बघत चला. देणेकरी थोडा जरी डळमळीत वाटला तरी मी दर सोमवारी बघतो.

आता डावी तारीख. करार कधी संपला, हे तुम्ही ठरवत नाही, करारातलं कलम ठरवतं. "नोटीस रजिस्टर पोस्टानं द्यावी, त्यानंतर ३० दिवसांनी करार संपेल" असं लिहिलं असेल, आणि तुमची नोटीस १० डिसेंबरला पोचली असेल, तर करार जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात संपतो. दाखल करून घेण्याचा आदेश २ जानेवारीला आला, तर तुमचा करार मधेच लटकलेला सापडला. अशा वेळी वाद ठरलेला आहे, आणि वकिलाची फी वाचवायची जागा ही नव्हे. "उद्यापासून गाडी बंद" असा व्हॉट्सॲप मेसेज एवढाच पुरावा असेल तर तो जपून ठेवा, पण त्याच्या भरवशावर झोपू नका.

पोस्टाच्या पावतीबद्दल एक सांगतो. मागे एका गोदामवाल्यानं शर्टाच्या वरच्या खिशातून चार घड्या केलेली पावती काढली. पोस्टाची ती पांढरी, गुळगुळीत पावती घामानं आणि उन्हानं पार कोरी झाली होती. कोपऱ्यात पिनकोडचे दोन आकडे तेवढे पुसट उरले होते. करार कधी तोडला याचा सगळा पुरावा त्या कोऱ्या चिठोऱ्यात होता. पावती मिळाली की त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो काढा, आणि पोस्टाच्या साइटवरून नोटीस पोचल्याची नोंद छापून फायलीला लावा.

३. करार कशासाठी तोडला, ते पत्रात वाचा

तुमच्या नोटिशीत कारण काय लिहिलंय? भाडं थकलं, माल हलका दिला, वेळेत उचल केली नाही, अशी कारणं असतील आणि करार आदेशाच्या आधीच संपला असेल, तर तो बेकायदा तोडला का याची चर्चा साधारणपणे दिवाणी कोर्टात किंवा लवादापुढे होते, एनसीएलटीत नाही.

सुप्रीम कोर्टाचे २०२१ चे दोन निकाल यावर आहेत आणि दोन्ही माहीत असावेत. दोन्हींत करार तोडण्याची नोटीस दिली होती ती प्रक्रिया सुरू झाल्यानंतर. गुजरात ऊर्जा विकास निगमनं एका सौर वीज कंपनीशी असलेला वीजखरेदी करार, ती नादारीत गेली एवढ्याच कारणावरून संपवायला काढला. कोर्टानं तो करार टिकवला, कारण तो गेला तर कंपनीच संपत होती. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या प्रकरणात करार तोडण्याचं कारण सेवेतल्या उणिवा हे होतं. तिथे कोर्ट म्हणालं, याचा नादारीशी संबंध नाही, एनसीएलटीनं यात पडू नये.

आपण यातून घ्यायचं ते इतकंच: जी चूक झाली ती तारखेसकट लिहा. "तुमची कंपनी बुडतेय असं ऐकलं म्हणून" असलं वाक्य रागाच्या भरातही लिहू नका. तोंडानं काय बोलायचं ते बोला, कागदावर नको.

४. ताबा कोणाकडे आहे? खरी गोम इथेच

गोदामवाल्यांनो, हा भाग दोनदा वाचा. करार दिवाळीत संपला, पण कंपनीच्या गाठी, पोती किंवा मशीन अजून आत असेल आणि कुलूप कंपनीचं असेल, तर आदेशाच्या दिवसापासून तुम्ही ते गोदाम परत घेऊ शकत नाही. संहितेच्या कलम १४ मध्ये स्थगिती आहे, तिला सगळे मोरॅटोरियम म्हणतात. कंपनीच्या ताब्यात किंवा वापरात असलेली मालमत्ता तिच्या मालकालाही परत घेता येत नाही, असं तिथे स्पष्ट आहे. करार चालू असावा लागतो असं तिथे म्हटलेलं नाही. पाहिला जातो तो प्रत्यक्ष ताबा. म्हाडाच्या गोरेगावच्या जमिनीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये मालकी म्हाडाची असूनही विकासकाच्या ताब्यातली जागा परत घेऊ दिली नाही, ते याच कलमामुळे.

आमच्याकडे एकानं रात्री कंपनीचं कुलूप तोडून आपलं लावलं. सकाळी आनंदात मला फोन केला. दुपारपर्यंत आरपीचं पत्र आलं आणि आठवड्याभरात कुलूप पुन्हा बदललं, तेही पंचनाम्यासह. ते तोडलेलं पितळी कुलूप अजून त्याच्या ओट्यावर पडलं आहे.

मग फुकट बसू द्यायचं? नाही. आरपीला लगेच पत्र लिहा: करार अमुक तारखेला संपला, जागा तुमच्या ताब्यात आहे, आदेशाच्या दिवसापासूनचं भाडं प्रक्रियेच्या खर्चात धरा. नियमांतच आहे की या स्थगितीमुळे ज्याच्या हक्काला धक्का बसतो त्याची रक्कम प्रक्रियेचा खर्च मानली जाते, आणि हा खर्च बाकी सगळ्या देण्यांच्या आधी भागवावा लागतो. म्हणून भाड्याचे दोन हिशेब करा. आदेशाच्या आदल्या दिवसापर्यंतची थकबाकी एका कागदावर, नंतरचं भाडं दुसऱ्या. दोन्ही एकत्र केलेत तर पुढचे पैसेसुद्धा जुन्या रांगेत जाऊन बसतात. आणि जागा आरपीला लागणारच नसेल तर ती सोडून द्या असंही पत्रात मागा. दरमहा भाडं अंगावर पडतंय हे दिसलं की बरेचदा सोडतात.

आतला माल विकून भाडं वळतं करायचा विचार डोक्यातून काढा. तो कंपनीचा माल आहे.

उलट बाजूही आहे. माल तुमचा आणि गोदाम कंपनीचं असेल तर? आपल्याकडे शेतकरी कापूस किंवा सोयाबीन प्लांटवर टाकतो आणि "भाव नंतर काढू" म्हणतो. करार तुटला, माल तिथेच राहिला, कंपनी नादारीत गेली. इथे सगळं कागदावर ठरतं. माल नुसता ठेवायला दिला होता असं कागद सांगत असेल तर तो तुमचाच. दुसऱ्याच्या मालकीचा, कंपनीकडे फक्त सांभाळायला असलेला माल आरपीनं कंपनीची संपत्ती म्हणून धरायचा नसतो. पण काटापट्टीवर भाव आणि "खरेदी" लिहिलं गेलं असेल तर माल गेला, आता तुमचं फक्त येणं उरलं. काट्यावरच्या पोराला हे माहीत नसतं, तो सवयीनं "खरेदी" लिहून मोकळा होतो. पट्टी हातात आली की तिथेच वाचा.

५. दावा भरा, आणि वेळेत भरा

करार संपला म्हणून येणं संपत नाही. थकलेलं भाडं, न मिळालेलं वाहतुकीचं बिल, परत न आलेला आगाऊ पैसा, करार मोडल्यामुळे झालेलं नुकसान, या सगळ्यांचा दावा आरपीकडे करता येतो. रक्कम वादातली असली तरी चालते. आकडा पक्का नसेल तर आरपीनं अंदाज बांधायचा असतो. माल घेण्यासाठी दिलेला आगाऊ पैसाही व्यवहारी देणं, म्हणजे माल-सेवेच्या व्यवहारातलं देणं, ठरू शकतो, असं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलं आहे.

माल पुरवणारे, गाडीवाले, भाडेवाले यांच्यासाठी फॉर्म बी असतो. कामगारांसाठी फॉर्म डी. फक्त नुकसानभरपाई मागत असाल तर फॉर्म बी भरायचा की इतर धनकोंचा फॉर्म एफ, हे एकदा विचारून घ्या. दावा भरायला फी नाही. कोणी "मुंबईला फाइल लावायचे पंचवीस हजार" मागत असेल तर तो आपल्या खिशासाठी मागतोय. फॉर्म जाहीर सूचनेत दिलेल्या ईमेलवर पाठवता येतो. सोबत करार, बिलं, बँकेचा उतारा, जीएसटीचे जीएसटीआर-१ आणि ३बी यांचे संबंधित उतारे, असेल तिथे ई-वे बिल, आणि करार संपवल्याची नोटीस जोडा. व्याज करारात लिहिलं असेल तरच लावा, तेही आदेशाच्या तारखेपर्यंत.

मुदत आरपी नेमल्यापासून १४ दिवसांची. ती चुकली तरी दार लगेच बंद होत नाही. आदेशापासून ९० दिवस, किंवा कंपनी सावरण्याचे आराखडे मागवण्याची सूचना निघेपर्यंत, यातलं जे उशिरा येईल तोवर उशिराचं कारण देऊन दावा घालता येतो. एकदा माझ्याच हातून एका गाडीवाल्याचा दावा राहिला. त्याचा करार तुटून वर्ष झालं होतं, म्हणून मला वाटलं जुनं प्रकरण आहे, दिवाणी दावा आहेच, तोच चालवू. तेवढ्यात आराखडा मंजूर झाला आणि पावणेचार लाखांचं येणं कागदावरूनच पुसलं गेलं. सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२१ मध्ये पक्कं केलेलं आहे की मंजूर आराखड्यात नसलेला दावा संपतो. तेव्हापासून करार कितीही जुना असो, मी फॉर्म बी आधी भरतो आणि वाद नंतर घालतो.

आरपीनं दावा नाकारला तर लेखी कारण मागा. एनसीएलटीत अर्ज करता येतो. पण मिळेल किती, याच्या मोठ्या आशा बाळगू नका. बँका पुढे असतात आणि आपल्यासारख्यांना निर्णय घेणाऱ्या धनको समितीत मत नसतं. आपल्याला किमान तेवढं मिळावं जेवढं कंपनी विकून आपल्या वाट्याला आलं असतं, साधारण एवढीच हमी कायदा देतो. बरेचदा तो वाटा शून्यच निघतो.

६. कोर्टातला दावा, चेक आणि जामीनदार

करार तोडून वसुलीचा दावा लावला असेल तर तो कंपनीविरुद्ध तिथेच थांबतो. हुकूमनाम्याची बजावणीही थांबते. आदेशाची प्रत आणि पुरसिस (कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन) देऊन प्रकरण तहकूब ठेवून घ्या, काढून घेऊ नका. स्थगितीचा काळ मुदतीच्या हिशेबात धरला जात नाही, त्यामुळे तीन वर्षं संपली म्हणून घाबरायचं कारण नाही.

चेक न वटल्याची कलम १३८ ची तक्रार कंपनीविरुद्ध थांबते, पण सही करणाऱ्या संचालकाविरुद्ध चालू राहते. सुप्रीम कोर्टाचा हा २०२१ चा निकाल गावाकडच्या कित्येकांना अजून माहीत नाही, आणि संचालक तो आपणहून सांगायला येत नाही. मालकानं स्वतःची वैयक्तिक हमी दिली असेल तर या स्थगितीची सावली त्याच्यावर पडत नाही, त्याच्यामागे जाता येतं.

७. देणं तुमच्याकडे असेल तर

हे कोणालाच आवडत नाही. कंपनीची अनामत तुमच्याकडे आहे, आणि भाडं कंपनीकडे थकलंय. सरळ वळतं करायचं? आदेशानंतर तसं मनानं करता येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२४ मध्ये एअरटेलच्या प्रकरणात सांगितलं. अपवाद मोजके आहेत: करारातच वळतं करण्याची सोय आहे आणि ते आदेशाच्या आधीच अमलात आलंय, किंवा देणं आणि येणं एकाच व्यवहाराला इतकं चिकटलेलं आहे की वेगळं काढता येत नाही.

म्हणून करार तोडतानाच, त्याच पत्रात, हिशेब लिहा: अनामत इतकी, थकबाकी इतकी, कलम अमुकप्रमाणे वळती केली, बाकी इतकी. खात्यात त्याच तारखेची नोंद घाला. आदेशानंतर मागची तारीख टाकून हे पत्र बनवायला कोणी माझ्याकडे आला तर मी त्याला चहा पाजून परत पाठवतो.

आणखी एक. हिशेब मिटवायला कंपनीनं तुम्हाला एखादी मशीन, ट्रक किंवा जागा देऊन टाकली असेल, तर आदेशाच्या मागच्या एका वर्षातल्या अशा व्यवहारांकडे आरपी बघतो. एकालाच झुकतं माप दिलं असं दिसलं तर ते परत मागता येतं. संचालकाचा भाऊ वगैरे असाल तर हे वर्ष दोन होतात. नेहमीच्या धंद्यातल्या पेमेंटची मात्र भीती नाही.

आणि स्थगिती कंपनीला झाकते, तुम्हाला नाही. तुम्ही करार चुकीचा तोडला म्हणून कंपनीच्या वतीनं आरपी तुमच्यावर दावा लावू शकतो.

८. आरपीचा फोन आला: "गाड्या पुन्हा सुरू करा"

तुटलेला करार पुढे चालवायला तुम्ही बांधील नाही. करायचं असेल तर नवा व्यवहार म्हणून करा. दर नवा, पत्र आरपीच्या सहीचं, शक्य असेल तर पैसे आगाऊ. आदेशानंतरची सेवा प्रक्रियेच्या खर्चात येते, पण ती नंतरची आहे हे बिलावरून दिसलं पाहिजे. मी गाडीवाल्यांना वेगळं बिलबुकच घ्यायला लावतो. जुनं निळ्या कव्हरचं, नवं लाल कव्हरचं, आणि लालच्या पहिल्या पानावर आदेशाची तारीख. ड्रायव्हरला सांगून ठेवायचं: प्लांटवर गेलास की लालच फाडायचं.